रिकामं वाळवण

त्या दिवशी तलावाच्या काठी कुणीच मासळी वाळत घातली नव्हती. वाळवणाची जागा खराट्यानं झाडून लख्ख केली होती, जणू तिथं कधी माशाचं खवलंही पडलं नव्हतं. मासेमार सोसायटीचा अध्यक्ष हिरालाल आदल्या संध्याकाळी घरोघरी बजावून गेला होता, उद्या मॅडम येणार, बाहेर एक मासा दिसता कामा नये. रुख्मानं आपली भरलेली टोपली झोपडीत गोणपाटाखाली सारली होती.

आणि आता ती मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर ऐसपैस बसली होती. रुख्माला तिचं काहीच खरं वाटेना. चहा नको म्हणाली, पाणी स्वतःचंच प्याली. वर तोंडभर हसत होती. सरकारी माणूस फुकट हसत नाही, एवढं तरी रुख्माला कळत होतं.

"तुमी कायची तपासनी करून राहिल्या जी?" तिनं विचारलं.

"इथं शिकाऊ विमान पडलं, तेव्हा चौकशीला विभागीय कार्यालयाची माणसं आली होती ना? ती माणसं आपलं काम नीट करतात का, ते मी बघते. विमानाबद्दल मी काही विचारणार नाही."

म्हणजे चौकशी करणाऱ्यांची चौकशी. रुख्माच्या गळी हे काही उतरलं नाही. नागपूरहून गाडी करून कुणी एवढ्यासाठी येतं होय? हिला वाळवणच बंद करायचं असणार.

"मला एवढंच सांगा, रुख्माबाई. त्यांनी तुम्हाला एकटीला, वेगळं बसवून विचारलं होतं का?"

"विचारलं जी, सगळ्यायले विचारलं," हिरालाल मागून म्हणाला.

"मी यांना विचारतेय."

"तेच सांगून राहिलो ना मॅडम. आमच्याइथं साहेब आले का एकच मानूस बोलते, बाकीचे हो म्हनतेत. मी बोललो, सगळे हो म्हनले. काम झालं."

मॅडमचं पेन थांबलं. तिनं हिरालालला जरा पलीकडच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायला सांगितलं. जाता जाता त्यानं रुख्माकडे असं पाहिलं, की तिला न बोलता सगळं समजलं.

"आता बोला."

नाही म्हटलं, तर मग आता सांगा म्हणेल. रुख्मा पदर सावरत म्हणाली, "विचारलं ना. एकटीलेच विचारलं."

मॅडमनं लिहून घेतलं. मग मान वर करून ती आभाळाकडे बघत राहिली. रिकाम्या जागेवर घारी फेऱ्या घालत होत्या. रोजची वेळ झाली म्हणून आलेल्या, आणि खाली काहीच नाही म्हणून आणखी खाली उतरत चाललेल्या.

"इथं घारी फार आहेत."

"तलाव हाये ना जी. असतेतच." रुख्माचा हात सवयीनं बाजूच्या, घारी हाकायच्या लांब काठीकडे गेला होता. तो तिनं मागे घेतला. मॅडमनं पाहिलं की काय, कुणास ठाऊक.

पण मॅडम कागद पिशवीत घालू लागली. खरंच निघाली म्हणायची. रुख्माला हायसं वाटलं आणि त्या भरात, इतके दिवस पोटात ठेवलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

"ते पोरगी कशी हाये जी? विमान चालवत होती ते?"

"हाड जुळलं तिचं. पण विमान चालवणं सुटलं. चौकशीत चूक तिचीच ठरली, आता घरीच असते म्हणतात."

"कोनती चूक?"

"ते माझ्या कामात येत नाही, बाई."

 त्या पोरीला चिखलातून काखेत धरून रुख्मानंच ओढून काढलं होतं. पोरीनं ओल्या हातानं तिचं मनगट घट्ट पकडलं होतं आणि एकच शब्द बोलत होती. चील, चील. घार आपटली होती विमानावर. रुख्मानं ते हिरालालला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "वाळवनाची जागा गेली त खाशीन काय?" त्याचंही खोटं नव्हतं. अख्ख्या मोहल्ल्याची चूल या जागेवर पेटत होती. मग साहेब आले, हिरालाल बोलला आणि सगळ्यांबरोबर तीही हो म्हणाली. त्या हो म्हणण्याची तिला आज पहिल्यांदा लाज वाटली.

मॅडम गाडीपाशी पोचली होती.

"थांबा जी," रुख्मा म्हणाली आणि झोपडीत शिरली. टोपली कमरेवर घेऊन बाहेर आली.

"रुख्मे, काऊन काहाडून राहिली ते?" मोहाखालून हिरालाल उठला.

तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. झाडून लख्ख केलेल्या जागेच्या मधोमध जाऊन तिनं टोपली उपडी केली.

पहिली घार सरळ खाली आली. मग दुसरी. मग किती, ते मोजायला कुणाला सवड नव्हती. मॅडम डोक्यावर पिशवी धरून गाडीला चिकटून उभी राहिली. हिरालाल धावत येता येता मध्येच थांबला.

"खोटं बोलली मी," रुख्मा म्हणाली. "मले एकटीले कोनीच नाही विचारलं. आता तुमी विचारा."

तिच्या डोक्यावरून पंख घासून जात होते. काठी चार पावलांवरच पडलेली होती. ती तिनं उचलली नाही.