आथमानचा नवा फिल्टर

आमच्या शेजारच्या आथमानच्या मत्स्यटाकीतलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात साठणारं विष, काही केल्या उतरेना. मोम्बासात समुद्र अगदी दाराशी, म्हणून बादल्या भरभरून ताजं खारं पाणी ओतायचा. तरी तपासणीची नळी लालभडकच, आणि मासे एकेक करून उलटे तरंगायला लागलेले. शेवटी त्याने दुबईहून मोठा फिल्टर मागवला. रमजान लागला आणि आठवड्याभरात नळी फिकी पडली. आथमान ती नळी गल्लीभर नाचवत सुटला, "बघा, याला म्हणतात यंत्र!"

"कसलं डोंबलाचं यंत्र!" त्याची आई म्वानाकोंबो ओट्यावरून कडाडली. "एरवी मंदाझीच्या गोड पुऱ्या तळल्या की पहिला तुकडा टाकीत टाकल्याशिवाय मला घास उतरत नाही. दुपारी भात, चार वाजता बिस्कीट. आता घरात सगळ्यांचा रोजा, तर माशांचाही रोजा. सूर्य मावळल्याशिवाय दाणा नाही!"

"अगं आई, सगळ्या माशांना दिवसभर उपाशी ठेवतेस?"

 

"सगळ्यांना कशी ठेवीन? त्या समुद्रघोड्याला सूट दिलीय. बाप्या असला म्हणून काय झालं, पोटुशी आहे तो!"