घर खाली आहे

"कारण त लिहून देलं आहे न, काकू," वीरेंद्रनं कागद तिच्याकडे फिरवला. "मकान खाली. खाली मकानाचा विमा कंपनी पुढं नाही चालवत."

पुष्पानं तो हिंदी कागद वाचला आणि पुन्हा वाचला. खाली, म्हणजे रिकामं. ओस पडलेलं. मोहगावातल्या त्या घरात ती, तिचा नवरा वामन, दोन पोरी आणि वामनची आई असे पाच जण राहत होते. आज सकाळीच त्या ओस घरात न्हाणीत आधी कोण शिरणार यावरून दोन्ही पोरींनी एकमेकींच्या वेण्या ओढल्या होत्या.

विमा शनिवारी संपत होता. घर उतारावर, नाल्याच्या अंगाला. मागच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी शिरून मागची भिंत बसली, ती विमा होता म्हणूनच पुन्हा उभी राहिली. आता पाऊस पुन्हा तोंडावर आलेला, आणि मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या या हाफिसात पंख्याखाली बसलेला माणूस तिला सांगत होता, की तुमच्या घरात कोणी राहतच नाही.

"कोण म्हणे रिकामं?"

"सर्वेअर साहेबाचा रिपोर्ट आहे. मागच्या बुधवारी येऊन गेले ते."

आला होता, हे खरं. पुष्पाला तो चांगला आठवत होता. तिची पिठाची चक्की वर सडकेला आणि घर तिथून चाळीस पावलं खाली. पांढरी गाडी चक्कीसमोर थांबली, काच चार बोटं उतरली आणि आतून हिंदीत आवाज आला, वामनजी का मकान? चक्की घरघरत होती, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. तरी तिनं साहेबाला गार पाणी नेऊन दिलं. त्यानं त्याची चूळ भरली आणि ती तिच्याच पायरीवर टाकून पेला परत केला. घरी सासूनं त्याच्यासाठी दोनदा चहा उकळला. तो खाली घरी आलाच नाही, हे पुष्पाला संध्याकाळी कळलं. आला नाही तर पुन्हा येईल, असं ती समजून होती.

"मंग पाहून घ्या तुम्हीच," म्हणत वीरेंद्रनं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर तिच्याच घराच्या टिनांचा फोटो होता, वरून, गाडीच्या काचेतून काढलेला. त्याखाली एक ओळ होती : पड़ोस की महिला ने बताया कि मकान खाली है।

पुष्पा त्या ओळीकडे बघत राहिली. पिठानं भरलेला हात उताराकडे करून तिनंच तर सांगितलं होतं, "घर ना? घर खाली आहे, साहेब."

"शेजारची बाई नोहे ते," ती म्हणाली. "मीच होय. घर खाली आहे म्हणजे तिकडं, खालतं आहे, असं सांगून राहिली होती मी त्याले!"

वीरेंद्र जवळच्याच लोधीखेड्याचा, घरी मराठीच बोलणारा. त्याला क्षणात समजलं आणि तो खो खो हसला. पुष्पा हसली नाही. तेव्हा त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"मले समजते, काकू. भोपाळले नाही समजत न. आता असं करा, एक अर्ज द्या. नगर परिषदेचा दाखला जोडा, विजेचं बिल जोडा. अन् त्या बाईचं लेखी आणा, का मी चुकीचं बोलली म्हणून."

"कोन्त्या बाईचं?"

"शेजारच्या."

"अरे बाप्पा, ते बाई मीच होय म्हणून सांगून राहिली न तुले!"

"मंग नाही जमत. घरच्या माणसाची साक्ष नाही धरत."

"घर खाली आहे म्हटलं तवा माही साक्ष धरली. नाही म्हटलं त नाही धरत?"

वीरेंद्रनं स्टेपलर उचललं, उघडलं आणि बंद केलं. पुष्पाला शिसारी आली. त्या स्टेपलरची, त्या पंख्याची, चूळ टाकणाऱ्या त्या तोंडाची. चाळीस पावलं उतरला असता मेला, तर सासूच्या हातचा चहा पिऊन गेला असता.

"दुसऱ्या कंपनीत गेली त?"

"त्यायच्या फारमात पहिले हेच विचारते, का कोणी नाकारला होता काय. अन् ते बी सर्वेअरच पाठवन." मग त्यालाच काही वाटलं असावं. "थांबा. सर्वेअर साहेबाले फोन लावतो. पुन्हा पाहून घेतो म्हणाले, त शनिवारच्या आत होऊन जाईन."

त्यानं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला आणि हिंदीत सगळं समजावून सांगितलं. पलीकडचा आवाज कंटाळून म्हणाला, "अच्छा, अच्छा. मकान पड़ेगा कहाँ?"

वीरेंद्रनं पुष्पाकडे पाहिलं. पुष्पाच्या जिभेवर जो शब्द आला तो तिनं गिळला. जन्मभर वापरलेला शब्द, आणि आता तोंडात घ्यायची भीती.

"नीचे," ती म्हणाली.

"गाड़ी नीचे तक जाती है?"

"नही."

"तो ऐसा कीजिए, मैडम, घर के लोगों का एक फोटो वॉट्सऐप कर दीजिए. मैं देख लूँगा."

वीरेंद्रनं घाईघाईनं मान हलवून तिला हो म्हण अशी खूण केली. पुष्पाची नजर पडद्यावरच्या त्या टिनांवर होती. तिनं फोन स्वतःकडे ओढला.

"नही, साहेब," ती म्हणाली. "उतरना पडेगा."