खडीसाखरेचा बारकोड

यशवंतराव पाकिटावरचं स्टिकर नखाने सोलत होते.

अस्मिता मधल्या दारातच थांबली. कडेवर अनुश्री पेंगुळली होती. सासऱ्यांनी खडीसाखरेचं स्टिकर सोडवलं, दुसऱ्या पाकिटावर लावलं आणि अंगठ्याने दाबून बसवलं.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"वाकडं लागलं होतं." त्यांनी वर पाहिलं नाही. "तुझं यंत्र वाकडं वाचत नाही ना."

"वाकडं वाचते. सुरकुती पडली तरच वाचत नाही."

"मग सुरकुती असंल."

रायपूरच्या पुरानी बस्तीतलं त्यांचं किराणा दुकान जुनं, गिऱ्हाईकही जुनं. म्हणूनच गेल्या महिन्यात शेजारच्या मोहल्ल्यातली बाई पुडी घेऊन परत आली, तेव्हा ओट्यावर माणसं जमली. प्रसादाला म्हणून नेलेली खडीसाखर तुरटी निघाली होती. तिच्या नातवाने खडा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला म्हणून निभावलं.

"भैया, चश्मा बदलवा लो," बाई म्हणाली.

"मेरी ही गलती है, दीदी." यशवंतरावांनी हात जोडले होते.

त्याआधी कुणाला खाण्याच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा गेला होता. तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

तेव्हापासून अस्मिताचा जीव थाऱ्यावर नव्हता. अनुश्री दिसेल ते तोंडात घालायच्या वयाची. आजोबा काउंटरवर बसवून तिच्या हातात काही ना काही ठेवायचे. अस्मिताने ते बंद केलं. मग कॉलेजात शिकलेलं कॉम्प्युटरचं ज्ञान बाहेर काढलं. कंपनीच्या मालावर बारकोड छापूनच येतो, सुट्या मालाला कोण देणार? तिने दिला. एकेका वस्तूला आकडा ठरवला, छोटा प्रिंटर आणला. पहिली स्टिकरं स्कॅनर वाचेचना. कागद चकाकायचा, रेघा एकमेकींना चिकटायच्या. तिने कागद बदलला, रेघा जाड केल्या, दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडली. मग कुठे स्कॅनर टुंकन वाजला आणि पडद्यावर नाव आलं.

"किराण्याचा मॉल करून राहिली," उदय बायकोला चिडवत म्हणाला होता.

तिने हसून सोडून दिलं. काम वाटलेलं होतं. स्टिकरं ती छापायची. सासूबाई, विनोदिनीबाई, आतल्या खोलीत पोत्यांतून पाकिटं भरून त्यांवर स्टिकरं लावायच्या. यशवंतराव बाहेर स्कॅन करून गिऱ्हाइकाला द्यायचे.

"आता चुकायला जागाच नाही," अस्मिता म्हणाली होती.

"यांना विचार बाई," सासूबाई हसल्या होत्या. "दुकानातलं सगळं यांनाच कळते."

आणि आता हे. मागे एकदा तिने त्यांना बंद पाकीट उघडून, खडा जिभेला लावून पाहताना पकडलं होतं. तेव्हा म्हणाले, तोंड कडू झालं होतं.

"आई," तिने हाक मारली, "हिला घेता का जरा?"

विनोदिनीबाई आल्या, अनुश्रीला खांद्यावर टाकलं आणि गुणगुणत आत गेल्या. यशवंतराव लगबगीने उठले.

"तुम्ही बसा, बाबा. मला बोलायचं आहे."

ते बसले, पण अर्धवट, उठायच्या बेतात.

अस्मिताने पाकीट स्कॅनरखाली धरलं. पडद्यावर आलं, खडीसाखर. पाकीट फोडून बघावंसं तिला वाटलंच नाही. स्टिकर तिचं. भरणं आईंचं, लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या हाताला सवय. मधे बदलणारे हात तिने आत्ताच पाहिले होते. बघायचं काय उरलं?

"सोमवारपासून मी नव्या रायपुरात कामावर जाणार," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे."

"हव."

"यायला संध्याकाळ होईल. बस मिळाली नाही तर आणखी उशीर. अनू आईंजवळ वर घरात राहील. तुम्ही तिला खाली आणायचं नाही. हातात काही द्यायचं नाही."

यशवंतरावांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"पोट्टीले इथंच राहू दे, अस्मिता. माझ्या डोळ्यांपुढं."

"तुमच्या डोळ्यांचीच तर भीती वाटते."

बोलून गेल्यावर तिला कसंसंच झालं. ते मात्र चिडले नाहीत.

"माझंच चुकते," ते म्हणाले. "काउंटर सोड म्हणशील तर सोडतो. शटर ओढून टाकू. पण मग मले वर बसू दे. दोघींजवळ."

"काहून? आई आहेत ना."

त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात ओट्यावरून कुणीतरी "भैया, पोहा" म्हणालं. ते पोह्याचं पाकीट उचलायला वळले. पाकीट कानाशी हलवलं, उजेडात धरलं, मग दिलं. स्कॅनर टुंकन वाजला.

आज उदयला सांगायचंच, अस्मिताने ठरवलं. बाबांना डॉक्टरकडे न्यायला हवं. तोवर काउंटरवर कुणीतरी माणूस ठेवू. निदान अनूचं तरी ठरलं.

ती आत आली. विनोदिनीबाई तांदळाच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या. अनुश्री त्यांच्या मांडीवर गाढ झोपली होती, मुठीत त्यांचा पदर. त्या तिच्या कपाळावरचे केस हलक्या बोटांनी मागे सारत होत्या. कितीतरी दिवसांनी अस्मिताचा जीव थाऱ्यावर आला.

तिने मुलीला घ्यायला हात पुढे केले. विनोदिनीबाईंनी अनुश्रीला छातीशी ओढलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, बाई. आत्ताच डोळा लागला बिचारीचा," त्या कुजबुजल्या. "हिची आई ओळखीची आहे काय तुमच्या? केव्हाची सोडून गेली, न्यायले नाही आली."