पत्र्याची जाडी

लाइलनं जाडी मोजायचं यंत्र गाडीच्या टपावर टेकवलं, आकडा वाचला, आणि यंत्रच बिघडलं असेल म्हणून ते बाहेर उभ्या असलेल्या आपल्या भाड्याच्या गाडीवर टेकवून पाहिलं. यंत्र ठणठणीत होतं. मग आत येऊन त्यानं पुन्हा मोजलं. टप, एक दरवाजा, दुसरा दरवाजा. दर खेपेला त्याच्या भुवया आणखी वर जात होत्या.

"मॅडम," तो म्हणाला, "ही गाडी कुणी बनवली?"

"डॉजवाल्यांनी," वेल्मा म्हणाली. "आणि पुढं माझ्या नवऱ्यानं आणि ह्यानं."

हा म्हणजे ड्यूई टीग, वेल्माच्या नवऱ्याचा, हार्लन स्टार्लिंगचा, मेकॅनिक. वय त्र्याऐंशी. कोठाराच्या दाराशी खुर्ची टाकून गोड चहाचा गार ग्लास धरून बसला होता. गाडी एकोणसत्तर सालची, शर्यतीसाठी म्हणून मोजक्याच काढलेल्यांपैकी. त्याच साली ऑगस्टात मिल क्रीकच्या ट्रॅकवर हार्लननं हिच्यातूनच रॉयल केट्सला अर्ध्या गाडीनं मागं टाकून शर्यत जिंकली होती. हार्लन जाऊन दोन वर्षं झाली होती आणि गाडी आता लिलावात जायची होती. ती अस्सल आहे ना, हे बघायला लिलाववाल्यांनी लाइलला धाडलं होतं. संशय घ्यायचा पगार मिळायचा त्याला, आणि तो इमानानं घेत होता.

"इंजिनावरचा नंबर बरोबर आहे. नंबराची पट्टी खरी आहे," लाइल म्हणाला. "पत्रा मात्र कारखान्याच्या पत्र्याच्या निम्मा. एवढा पातळ पत्रा डॉजनं कधी लावलाच नाही. असं मी आधीही पाहिलंय, मॅडम. खरी गाडी कुठंतरी ठोकून भंगारात जाते. कुणीतरी पट्टी तेवढी काढून ठेवतं. मग दुसरा सांगाडा आणायचा, स्वस्तातला पत्रा चढवायचा आणि वर ती पट्टी बसवायची."

"म्हणजे मी लबाड."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग म्हणायचं राहिलं काय?"

लाइल ड्यूईकडे वळला. 'हीच ती गाडी' असं लिहिलेल्या कागदावर साक्षीदार म्हणून ड्यूईची सही होती. लाइलनं एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं, एकदा म्हातारीकडे. दोघांनी मिळून शिजवलंय हे, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"सही तुमचीच ना, मिस्टर टीग? मला हे वर कळवावं लागतं. तिथून ते शेरीफकडे जातं."

ड्यूईनं ग्लास खाली ठेवला. त्याला लाज वाटत होती, आणि ती आजची नव्हती. हार्लन चर्चचा डीकन, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांपैकी एक होता, पोरांना खरेपणावर चार शब्द सांगायचा. त्या शर्यतीचा चषक चर्चच्या जेवणघरात काचेच्या कपाटात होता. शेवटच्या दुखण्यात त्यानं ड्यूईचा हात घट्ट धरून एकच मागितलं होतं, वेल्माला कळू देऊ नकोस. आता बोलावं तर हार्लन लबाड ठरणार, गप्प बसावं तर वेल्मा.

"पत्रा डॉजचाच आहे," तो शेवटी म्हणाला. "आम्ही तो पातळ केला."

"कसा?"

"ॲसिडमध्ये बुडवून. पलीकडच्या काउंटीत क्रोमचा मुलामा देणारा कारखाना होता, रविवारी बंद असायचा. अख्खं धड साखळीला टांगून हौदात सोडलं. वरून जेवढं वजन गेलं तेवढं शिसं खाली चासीच्या पोकळ दांड्यांत ओतलं. काट्यावर वजन बरोबर, आणि वळणावर गाडी रस्त्याला चिकटून. नियमात बसत नव्हतं ते. रॉयलची गाडी नियमात होती."

लाइलचा चेहरा हलला नाही. असल्या कहाण्या त्यानं ढिगानं ऐकल्या होत्या. "पुरावा?"

"चासीच्या उजव्या दांड्याच्या टोकाला बूच आहे, रंगाखाली. खरवडून बघा."

लाइल उताणा पडून गाडीखाली सरकला. बराच वेळ खरवडल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा शर्टाची पाठ मातीनं भरली होती, नखावर शिशाची करडी ढलपी होती, आणि तो चक्क हसत होता.

"माफ करा, मॅडम. अस्सल आहे. आणि ही गोष्ट छापली ना, तर भाव आणखी चढेल. न पकडलेल्या लबाडीवर लोक जीव टाकतात." असं म्हणून तो फोन करायला बाहेर पळाला.

ड्यूई वेल्माकडे बघेना. "त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं, वेल्मा."

"त्या उन्हाळ्यात तुम्हा दोघांच्या विजारींची चाळण झाली होती," वेल्मा म्हणाली. "ठिगळं कोण लावत होतं? म्हणे बॅटरीचं पाणी सांडलं. सात विजारींवर?"

"म्हणजे तुला..."

"तुमच्यातला कुणीतरी आपल्या तोंडानं सांगेल, म्हणून वाट बघत राहिले. त्याला काही जमलं नाही."

ती घराकडे निघून गेली. रागावून गेली असंच ड्यूईला वाटलं. पण ती परत आली, हातात फडक्यात गुंडाळलेला पाउंड केक घेऊन.

"दर ऑगस्टात एक रॉयलकडं पाठवते मी. हार्लन चिडायचा, हरलेल्याचं एवढं कौतुक कशाला म्हणून." तिनं तो ड्यूईच्या मांडीवर ठेवला. अजून गरम होता. "या वर्षीचा तू घेऊन जा."

"त्याला सांगू काय?"

"ते तू बघ," वेल्मा म्हणाली. "दुपारी चारला झोपतो तो. त्याच्या आत पोच."