पाहुणी

“पाहुणी म्हणून लिहितो. दोन दिवस. जा,” कॅनडाच्या सरहद्दीवरच्या नाक्याच्या खिडकीतला अधिकारी म्हणाला आणि त्याने ओडीलचा अमेरिकन पासपोर्ट परत केला.

“पाहुणी कशी?” वेंडलने गाडीतूनच हात लांबवून बायकोचा पासपोर्ट पुन्हा आत सरकवला. “काल विमान कंपनी म्हणाली, जन्म कॅनडाचा, म्हणजे बाई कॅनडाच्या. अमेरिकन पासपोर्टावर बसू देणार नाही, तिकडचाच आणा. तो कधीचाच संपलाय. म्हणून ओहायोपासून सोळा तास गाडी हाकली. आणि आता तुम्ही म्हणता पाहुणी. एकदा काय ते ठरवा.”

“वेंडल, जाऊ दे ना,” ओडील म्हणाली. उन्हाचा पत्ता नव्हता, तरी तिने काळा चष्मा काढला नव्हता.

वेंडल वैतागला होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं. इथून दहा मिनिटांवर सासूबाईंचा नव्वदावा वाढदिवस होता. दरवर्षी त्या स्वतःच ओहायोला यायच्या; यंदा गुडघ्यांनी हात टेकले. ‘या खेपेला आली नाहीस तर पुढच्या खेपेला मी नसेन,’ असं त्यांनी लेकीला फोनवर बजावलं होतं. मागच्या सीटवर केक विरघळत होता. त्यात ओडीलचं सकाळपासून एकच पालुपद, हा नाका नको, नदीवरच्या दुसऱ्या पुलावरून पलीकडे जाऊ. तासाभराचा वळसा, आणि कशासाठी? पासपोर्टाचंही तेच. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने चारदा फॉर्म आणून दिला, चारही वेळा तिने हरवला.

“साहेब, पाहुणी लिहिल्याने काही अडत नाही,” अधिकारी ओडीलकडे न बघता म्हणाला. “नव्वदीच्या बाईला ताटकळत ठेवू नका.”

“हक्क म्हणून काही आहे की नाही? ही याच गावात जन्मली.”

“जन्मदाखला?”

“हरवला,” ओडील घाईने म्हणाली. “पाहुणीच लिहा.”

“तू थांब गं. भिडेपायी माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो.”

मागे तीन गाड्या खोळंबल्या होत्या. एकाने भोंगा वाजवला. वेंडलने शांतपणे इंजिन बंद केलं.

“आज सोक्षमोक्ष लागल्याशिवाय मी हलत नाही.”

“विषाची परीक्षा कशाला घेता, साहेब?” अधिकारी हळू आवाजात म्हणाला. “जा ना सुखाने.”

“दाखला नसेल तर माणूस चालेल की नाही? एवढ्या गावात हिला ओळखणारा, ही इथलीच आहे असं सहीनिशी लिहून देणारा एक तरी माणूस असेल ना?”

ओडीलने चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले.

अधिकाऱ्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

“आहे एक,” तो म्हणाला. “मीच. तीस वर्षांपूर्वी इथल्याच चर्चमध्ये आमचं लग्न लागलं. घटस्फोटाच्या कागदावर सही करायला मात्र ही अजून यायची आहे.”