शांततेचं रेकॉर्डिंग

हिराबाईंचा सदानंद जर्मनीत गाणी करायचा. त्यांत शब्द नसत, चालही नसे, नुसतं वातावरण असे. तिथले लोक म्हणे ती डोळे मिटून ऐकत.

शहाऐंशीच्या मे महिन्यात तो टेपरेकॉर्डर घेऊन आरे गावी आला आणि पडवीत माईक लावून बसला. हिराबाईंना पाच वर्षांचं बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं की हा ओठांवर बोट ठेवी.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "काय भरतोयस रे त्यात?"

"शांतता. तिकडे अशी मिळत नाही, आई."

"मग उशिरा आलास. तुझा बापूस गेला तेव्हा यायचं होतंस. वर्षभर या घरात कोणी एक शब्द बोललं नव्हतं."