तांबडी ओळ

हर्णेला विकलेली ‘भगवती’ होडी यादीतून काढा, असं मच्छीमार सोसायटीचे चेअरमन लवूशेठ म्हणाले. सोसायटीची यादी सांभाळणाऱ्या दमयंतीमावशींनी कॉम्प्युटरवर नाव टाकून ‘डिलीट’ दाबलं आणि पडद्यावर इंग्रजीतली तांबडी ओळ उमटली. उद्या डिझेलवाटप होतं. यादीत नसलेल्या होडीला डिझेल मिळत नाही. “शुभंकर, सगळ्या होड्या उडाल्या रे!” मावशींनी सॉफ्टवेअर करणाऱ्या भाच्याला स्पीकरवर फोन लावला. “रडू नको, आधी ओळ वाच.” मावशींनी एकेक शब्द वाचला. “अगं, कॉम्प्युटर म्हणतोय, ह्या होड्यांच्या नावावर डिझेल आहे, म्हणून पुसणार नाही. नुसतं ‘भगवती’ टाकलंस? नंबर नाही?” “नाही,” मावशी पुटपुटल्या. “मावशे, निम्मं बंदर भगवतीच आहे! सगळ्याच पुसायला निघाली होतीस. त्यानं नकार दिला, म्हणून वाचलात.” लवूशेठ हुश्श करून खुर्चीत टेकले. “ह्या कॉम्प्युटरलाच कमिटीवर घेऊया,” ते म्हणाले, “तिथं नाही म्हणणारं कोणीच नाही.”